१८ लिटरच्या कॅबिनेटमध्ये ३०० वॅटचे ग्राफिक्स कार्ड

मोठा संगणक जुळवताना प्रोसेसरपासून सुरुवात करण्याची रीत आहे आणि तिथे ती खपूनही जाते, कारण पन्नास लिटरच्या कॅबिनेटमध्ये जवळजवळ काहीही मावते. लहान गेमिंग संगणकाचा हिशेब मात्र दुसऱ्या टोकाकडून मांडावा लागतो. आधी ग्राफिक्स कार्डाची लांबी, उंची आणि जाडी पाहायची, मग ते सामावून घेणारे कॅबिनेट निवडायचे, त्यानंतर त्या कॅबिनेटला चालणारा एसएमपीएस (आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि सर्वांत शेवटी प्रोसेसरचा कूलर. हा क्रम चुकला, तर बाकी सारे भाग आणून ठेवल्यावर चार मिलिमीटरसाठी कॅबिनेटचे झाकण लागत नाही, आणि खोके फोडलेला भाग दुकानदार परत घेईलच असे नाही.

उदाहरणासाठी आरटीएक्स ५०७० टीआय हे कार्ड घेऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या या कार्डावर १६ जीबी मेमरी आहे आणि पूर्ण भारावर ते ३०० वॅट वीज घेते. परंतु कार्डाच्या या नावावरून त्याचा आकार कळत नाही. चिप एकच असली तरी प्रत्येक उत्पादक तिच्यावर आपापला कूलर बसवतो, त्यामुळे काही कार्डे तीन स्लॉटांहून (कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या, कार्डासाठीच्या खाचांहून) अधिक जागा अडवतात. या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२४ मध्ये लहान संगणकांसाठी कार्डाच्या मापाची एक मर्यादा जाहीर केली. तीत लांबी ३०४, उंची १५१ आणि जाडी ५० मिमी असून वीजकेबलला लागणारे वळणही धरलेले आहे. या मापात बसणाऱ्या कार्डांच्या माहितीत ‘एसएफएफ-रेडी’ असा उल्लेख असतो. आसुसच्या प्राइम मालिकेतले ५०७० टीआय अशांपैकीच आहे.

कॅबिनेट म्हणून कूलर मास्टरचे एनआर२००पी घेतले आहे. त्याचे आकारमान १८.२५ लिटर, म्हणजे पाण्याच्या २० लिटरच्या जारपेक्षाही कमी आहे, आणि त्यात ३३० मिमी लांबीचे व ६० मिमी जाडीचे कार्ड मावते. याहून लहान आणि दिसायला अधिक देखणी कॅबिनेटे आहेत. १०.४ लिटरचे फ्रॅक्टल टेरा त्यांतलेच एक. मात्र टेरामध्ये कार्ड आणि मदरबोर्ड (प्रोसेसर, रॅम वगैरे ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) पाठीला पाठ लावून उभे राहतात, त्यांना रायझर नावाच्या पट्टीकेबलने जोडावे लागते आणि कूलरची उंची जास्तीत जास्त ७७ मिमी ठेवावी लागते. ५०७० टीआय ज्यात येते त्या ५० मालिकेतले कार्ड पीसीआयई ५.० चे, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या पाचव्या पिढीचे आहे. रायझर ४.० चा असेल आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) स्लॉटची पिढी ‘ऑटो’वर राहिली, तर पडदा काळा राहणे किंवा ऐन खेळात संगणक बंद पडणे असे प्रकार घडतात. तिथे स्वतः ‘जेन ४’ निवडले की प्रश्न मिटतो आणि वेगात जाणवण्याजोगा फरकही पडत नाही. तरीही पहिल्यांदाच जुळणी करणाऱ्याने रायझरच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

मदरबोर्ड मिनी-आयटीएक्सच हवा. २००१ मध्ये व्हिया या तैवानी कंपनीने आणलेले १७० × १७० मिमीचे हे माप आजही बदललेले नाही. या बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा आणि कार्डासाठी एकच स्लॉट असतो, म्हणून ‘आता १६ जीबी घेऊ, पुढे वाढवू’ हा विचार सोडून सुरुवातीलाच १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. प्रोसेसर एएमडीचा रायझन ७ ७८००एक्स३डी असा धरू. गेमिंगमध्ये तो तुलनेने कमी वीज घेतो, आणि लहान कॅबिनेटमध्ये हा गुण सेकंदाला पडद्यावर उमटणाऱ्या दोन-चार जास्तीच्या फ्रेमांपेक्षा (चित्रांपेक्षा) मोलाचा ठरतो.

एसएमपीएसवर काटकसर करू नये. लहान कॅबिनेटला लागणारा एसएफएक्स एसएमपीएस १२५ × १०० × ६३.५ मिमी एवढाच असतो. कार्डाचे ३०० वॅट, प्रोसेसरची कमाल १६२ वॅट आणि पंखे, एसएसडी (माहिती साठवणारी ड्राइव्ह), बोर्ड यांचे चाळीस-पन्नास धरले तर बेरीज ५१० च्या आसपास जाते. कार्ड क्षणभर याहून बरीच जास्त वीज ओढते, त्यामुळे ७५० वॅटचा, कॉर्सेअर एसएफ७५० सारखा एसएमपीएस योग्य ठरतो. त्यातही १६ पिनांची १२व्ही-२×६ केबल सोबत मिळणारी आवृत्ती पाहून घ्यावी, कारण कार्डासोबत येणाऱ्या जोडकेबलचा दोन-तीन तोंडांचा गुंता ठेवायला इथे कोपरा शिल्लक नसतो. जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला कधीही लावू नयेत. टोके सारखी दिसली तरी आतल्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एसएसडीपासून बोर्डापर्यंत काहीही जळू शकते. मुंबईत संगणकाच्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवर मोठे एसएमपीएस हवे तेवढे मिळतात, परंतु एसएफएक्स एसएमपीएस आणि मिनी-आयटीएक्स बोर्ड सहसा मागणी नोंदवून आणवावे लागतात, हे लक्षात घेऊन वेळ हाताशी ठेवावा.

कूलरच्या बाबतीत एनआर२००पी उदार आहे. बाजूला काचेऐवजी जाळीचे झाकण लावले तर १५५ मिमी उंचीचा कूलर बसतो, आणि थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई नेमका तेवढाच उंच आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. या कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅमच्या पट्ट्यांवर शोभेची उंच पत्र्याची टोपी असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि मग झाकण लागत नाही. त्यामुळे ३३-३४ मिमी उंचीची, दिवे नसलेली साधी रॅम घ्यावी.

आता जुळणी. कॅबिनेट बाजूला ठेवून मदरबोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवावा आणि प्रोसेसर, रॅम, कूलर व एसएसडी तिथेच बसवावेत. अनेक मिनी-आयटीएक्स बोर्डांवर एसएसडीची दुसरी जागा पाठीमागे असते. ती वापरायची असेल तर आत्ताच वापरावी, नाहीतर पुढे सगळे उलगडावे लागते. ७८००एक्स३डीमध्ये लहानशी ग्राफिक्स चिप असल्याने कार्ड न लावता, मॉनिटर थेट बोर्डाला जोडून संगणक टेबलावरच सुरू करून पाहता येतो. पहिल्या वेळी रॅमची ओळख पटवून घेण्यात बोर्ड काही मिनिटे घालवतो आणि तोवर पडदा काळाच राहतो. घाबरून वीज तोडू नये. मी पहिल्या जुळणीत तीनदा तोडली होती आणि निर्दोष रॅम बदलून आणायला निघालो होतो. पडदा उजळल्यावर आधी बायोस अद्ययावत करावे. २०२३ मध्ये एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका अंतर्गत भागाला मिळणारे व्होल्टेज) जास्त गेल्याने या मालिकेतले काही प्रोसेसर जळाले होते, त्यानंतर एएमडीने ते १.३ व्होल्टवर रोखले. ती मर्यादा नव्या बायोसमध्ये आहे. मग रॅमचे एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी बायोसमधली सोय, सुरू करावे.

कॅबिनेटची सगळी झाकणे काढून ठेवावीत. एसएमपीएस जागेवर कसण्यापूर्वीच लागतील तेवढ्या केबल त्याला खोचाव्यात, कारण नंतर तिथे बोटे पोचत नाहीत. बोर्ड आत उतरवल्यावर प्रोसेसरची आठ पिनांची केबल सर्वांत आधी लावावी. तिची जागा कूलर आणि वरचे पंखे यांच्या बेचक्यात असते आणि जुळणीतले सर्वांत त्रासाचे काम तेच आहे. त्यानंतर २४ पिनांची केबल, पॉवर बटणाच्या बारीक तारा आणि शेवटी कार्ड. १६ पिनांचे टोक पूर्ण आत गेले आहे ना, हे टॉर्च लावून पाहावे. अर्धवट बसलेले टोक तापून वितळल्याची उदाहरणे आहेत. केबल टोकापासून साधारण ३५ मिमी सरळ ठेवून मगच वळवावी, आणि झाकण केबलवर दाबून बसवावे लागत असेल तर ते बसले असे समजू नये.

कार्डाचे पंखे तळाकडे तोंड करून असतात आणि तळाच्या जाळीतूनच हवा ओढतात. कार्ड ५० मिमी जाडीचे असेल तर त्याखाली १५ मिमी जाडीचे दोन १२० मिमी पंखे बसवता येतात. त्यांनी हवा आत घ्यावी आणि वरच्या व मागच्या पंख्यांनी बाहेर टाकावी. संगणक सतरंजीवर किंवा गादीवर ठेवला तर ही सारी रचना वाया जाते.

शेवटचे काम सॉफ्टवेअरचे आहे आणि त्याचा लाभ सर्वांत मोठा आहे. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्ड नियंत्रित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची वीजमर्यादा ८५ टक्क्यांवर आणावी, म्हणजे ते २५५ वॅटवर चालेल. फ्रेमांतली घट सहसा एक आकडी टक्क्यांत राहते आणि पंख्यांचा आवाज स्पष्टपणे उतरतो. खोलीचे तापमान जितके चढते, जवळपास तितकेच कार्डाचेही चढते. त्यामुळे जानेवारीत पुण्यात बेतलेली पंख्यांची गती मे महिन्यात नागपुरात पुरणार नाही, ती चाचणी ऐन उन्हाळ्यात पुन्हा करावी. घरात सर्रास असणारा ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) यूपीएस सुमारे ३६० वॅटच पेलतो. खेळ सुरू असताना वीज गेली तर तो हा संगणक क्षणभरही धरून ठेवणार नाही, म्हणून किमान १००० व्हीएचा आणि ६०० वॅट देणारा यूपीएस घ्यावा.