कृमींच्या व्हेसिकलवर पीएचडी करायची? आधी देवनार गाठा

वाटलं होतं, सगळा वेळ अल्ट्रासेंट्रिफ्यूजपुढे जाणार, म्हणजे प्रचंड वेगाने फिरवून बारीक कण वेगळे करणाऱ्या यंत्रापुढे. पहिले सहा महिने गेले ते पहाटेची हार्बर लोकल, गोवंडी स्टेशन आणि देवनारचा कत्तलखाना यांत. मला हवा होता हिमोंकस हा कृमी, शेळीच्या चौथ्या पोटात रक्त पिऊन जगणारा. मादी लगेच ओळखू येते: लाल आतड्याभोवती पांढऱ्या अंडाशयाचा पीळ. वजडी धुणारे मामा म्हणाले, "ताई, आम्ही हे गटारात टाकतो. तुम्ही थर्मासातून नेताय?"

नेत होते, कोमट सलाइनमध्ये. कुर्ल्याला गाडी बदलताना थर्मास छातीशी धरून.

व्हेसिकल म्हणजे कृमी बाहेर सोडतात ते पटलात गुंडाळलेले बारीक कण, बहुतेक 200 नॅनोमीटरच्या आतले. उंदराच्या आतड्यातल्या एका कृमीचे कण मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे आरएनएचे छोटे तुकडे) घेऊन यजमानाच्या पेशींत शिरतात, हे एडिंबरातल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं. ते वाचूनच मी या वाटेला लागले.

कृमी मीडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, ठेवायचे आणि त्यात सुटलेले कण मशीनवर मोजायचे. पहिल्या मोजणीत आकडा भलताच मोठा आला. मी पेढे आणायच्या बेतात. माझ्या गाइड मॅडमनी एवढंच विचारलं, "कृमी न घातलेल्या मीडियमचा आकडा?" तो काढलाच नव्हता. काढला, तर जवळपास तेवढाच! तीन महिने मी मीडियममधल्या वासराच्या सीरमचे व्हेसिकल मोजत होते. मशीनला काय, प्रथिनांची गुठळी असो की मेलेल्या कृमीचा चुरा, ते कणच मोजतं. तेव्हापासून सीरम बंद. अँटिबायोटिकमध्ये वारंवार धुणं सुरू, कारण जिवाणूही व्हेसिकल सोडतात. दर तासाला सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. वळवळ थांबलेला कृमी बाहेर.

कृमीच्या वाढीच्या अवस्थांची तुलना करणार असाल तर आणखी एक खड्डा आहे. लेंड्यांतली अंडी उबवली की आठवडाभरात तिसऱ्या अवस्थेची अळी मिळते. ती मिलिमीटरहून लहान, काही खात नाही, आधीच्या अवस्थेची कात अंगावर तशीच. प्रौढ मादी दोन-तीन सेंटिमीटर. इथे 'दरडोई' व्हेसिकलचा हिशेब हास्यास्पद ठरतो. कशाच्या प्रमाणात मोजणार, प्रथिनांच्या की वजनाच्या, हे प्रयोगाआधी वहीत लिहा. नंतर ठरवलं की मन सोयीचा आकडा निवडतं. माझं निवडत होतं.

पावसाळ्यात कृमी मुबलक मिळतात, आणि हार्बर बंद पडते तीही तेव्हाच. म्हणून जूनमध्येच अळ्या वाढवून फ्रिजमध्ये ठेवा. पाण्यात त्या महिनोन् महिने टिकतात. डब्यावर नाव मात्र ठळक लिहा, फ्रिज सगळ्यांचा असतो.