साबुदाण्याच्या पोषणाचा हिशेब करताना या चुका टाळा

उपवासाचा पदार्थ म्हणून साबुदाणा हलका आणि पौष्टिक असेल, असे आपण गृहीत धरतो आणि पहिली चूक तिथेच होते. टॅपिओकाचे कंद किसून, त्यांचा चोथा वेगळा काढून, खाली बसलेल्या पिठाचे दाणे वळून भाजले की साबुदाणा तयार होतो. तामिळनाडूतील सेलमच्या आसपास हा उद्योग मोठा आहे. या प्रक्रियेत उरतो तो जवळजवळ निव्वळ स्टार्च. 100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात सुमारे 358 कॅलरी आणि 88 ग्रॅम कर्बोदके असतात, मात्र प्रथिने 1 ग्रॅमसुद्धा नसतात.

पांढरे पाणी जाईपर्यंत साबुदाणा धुतला की कॅलरी कमी होतात, असेही पुष्कळ जण मानतात. प्रत्यक्षात धुण्याने फक्त दाण्यावरची भुकटी जाते आणि खिचडी मोकळी होते. दाणा आतूनही स्टार्चचाच असतो. तसेच, मोजमाप भिजवलेल्या साबुदाण्याचे करू नये. रात्री दाणे जेमतेम बुडतील इतक्या पाण्यात भिजवलेला साबुदाणा सकाळी टम्म फुगून बोटांत सहज चिरडतो, पण वाढलेले ते सगळे वजन पाण्याचे असते.

खरे पोषण शेंगदाण्याच्या कुटात आहे, आणि नेमका तोच हात आखडता घेऊन घातला जातो, हे मला फार खटकते. माणशी 60 ग्रॅम कोरडा साबुदाणा घेतला, तर त्यातून सुमारे 215 कॅलरी मिळतात. त्यात 30 ग्रॅम कूट घातला की जवळपास 7 ग्रॅम प्रथिने मिळतात, जी साबुदाण्याने कधीच मिळाली नसती. कूट कमी करून बटाटा वाढवणे म्हणजे स्टार्चमध्ये स्टार्चचीच भर. अर्थात कूट आणि तुपाच्याही कॅलरी असतात, त्यामुळे वजन कमी करण्यासाठी खिचडी खाणाऱ्यांनी बशीचा आकार आधी पाहावा.

खिचडी खाऊन तासाभरात पुन्हा भूक लागत असेल, तर सोबत वाटीभर दही घ्यावे, किंवा एका वेळच्या फराळात राजगिऱ्याची भाकरी ठेवावी. राजगिऱ्यात 100 ग्रॅममागे साधारण 13 ग्रॅम प्रथिने असतात. मधुमेह असलेल्यांनी रिकाम्या पोटी नुसती साबुदाण्याची खीर टाळावी, कारण तिने रक्तातील साखर झपाट्याने वाढते, आणि औषध चालू असताना उपवास करायचा असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.