दोन्ही काटे एकदम चढले तर

माझी ट्रायम्फ स्पिटफायर गाडी १९७२ची, आम्ही राहतो त्याच इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत बनलेली. गेल्या उन्हाळ्यात तिचा तापमानाचा काटा लालकडे सरकायला लागला. मी थर्मोस्टॅट बदलला, मग सेंडर (इंजिनाचं तापमान मोजून मीटरला कळवणारा भाग) बदलला. काटा हटेना. पेट्रोलचा काटाही अर्ध्या टाकीला ‘फुल’ दाखवत होता, तिकडे लक्ष गेलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

दोन्ही काटे एकदम चुकले की संशय व्होल्टेज स्टॅबिलायझरवर, म्हणजे दोन्ही मीटरना ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या डबीवर घ्यायचा. माझ्या गाडीत ती पत्र्याची छोटी डबी स्पीडोमीटरच्या पाठीला आहे. एकच काटा चुकत असेल तर डबीला हात लावू नका. त्याचा सेंडर, वायर नाहीतर मीटर बघा.

डबीत दोन धातूंची पट्टी आणि तिच्यावर बारीक तारेचं वेटोळं. वीज आली की पट्टी तापून वाकते, संपर्क तुटतो. निवली की पुन्हा जुळतो. या उघडझापीतून मीटरना सरासरी १० व्होल्ट मिळतात. वेटोळ्याचं अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडणी, होतं डबीच्या पत्र्यातून, एका स्क्रूमार्गे. तिथे गंज धरला की पट्टी तापतच नाही, संपर्क चिकटून राहतो आणि मीटरवर बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज जातं.

तपासायला १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्पच घ्या. डिजिटल मल्टिमीटरवर आकडे नुसते नाचतात. फिकट हिरवी, हिरव्या रेघेची वायर जाते ते डबीचं ‘आय’ टोक; तिथून वीज मीटरकडे जाते. लॅम्पची एक वायर तिथे, दुसरी चांगल्या अर्थला, आणि चावी फिरवा. दिवा लुकलुकला तर डबी ठीक. अजिबात लागला नाही तर ‘बी’ टोकाच्या (वीज आत येते त्या) हिरव्या वायरला वीज येते का ते बघा. येत असेल तर डबी गेली. सतत लागून राहिला तर डबीच्या पत्र्यावरून एक वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. लुकलुक सुरू झाली? मग दोष अर्थिंगचाच. माझा तोच निघाला.

बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, स्क्रू सोडवला. त्याखाली तपकिरी भुकटी होती. डबीचा आणि ती बसते तिथला, असे दोन्ही पत्रे पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासले, दातेरी वॉशर घातला. डबी आधी होती तशीच उभी बसवा, आडवी नको; रीडिंग बिघडतं.

जादा अर्थ देऊनही दिवा सतत लागत असेल तर दोष डबीच्या आतच आहे. मग नवी डबी आणा, किंवा ७८१० हा १० व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. तो फक्त निगेटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलेल्या गाडीत चालतो.