अंगावरचं आणि वरचं, दोन्ही दूध चालू ठेवताना

२६ आठवड्यांच्या रजेतली थोडी बाळंतपणाआधीच खर्ची पडली, त्यामुळे लेक पाच महिन्यांची असतानाच मला हिंजवडी गाठावी लागली. कोथरूडहून सकाळी साडेआठला निघालं की परत यायला सात. म्हणून सकाळ, संध्याकाळ आणि रात्र अंगावर, मधल्या वेळी वरचं.

रुजू व्हायच्या तीन-चार आठवडे आधी सुरुवात करा. दुपारचं एकच पाजणं बदला, चार-पाच दिवस जाऊ द्या, मग पुढचं. एकदम तोडलं की छाती दगडासारखी दाटते, गाठी होतात, ताप भरतो. रात्रीचं मात्र सोडू नका. बाळ जेवढं ओढतं तेवढंच दूध येतं, आणि ते बनवणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. ऑफिसात एकदा तरी पंपाने काढा.

पहिली बाटली दुसऱ्या कोणीतरी द्यावी. आईचा वास आला की बाळ पदरच शोधतं. आमच्याकडे सासूबाईंनी दिली, मी मुद्दाम भाजी आणायला खाली उतरले. बाळाला जरा उभं धरा, बाटली आडवी ठेवा, मधे मधे थांबा. आयतं भराभर मिळायला लागलं की अंगावर ओढायचा कंटाळा येतो. वाटी-चमचाही चालतो, धुवायलाही सोपा.

आता पावडर. "थोडं पातळ कर गं, पचायला हलकं," असं घरोघरी ऐकायला मिळतं. मुळीच करू नका! पातळ दुधाने पोट भरतं, अंगी लागत नाही; घट्ट केलं तर शौचाला खडा होतो. आधी पाणी मोजा, मग डब्यातल्याच चमच्याने, सपाट करून, पावडर. बहुतेक डब्यांवर ३० मिलिला एक चमचा असतो, तरी आपला डबा वाचा. पावडर निर्जंतुक नसते, त्यामुळे "आरओचं पाणी आहे की" म्हणून भागत नाही. पाणी उकळा आणि अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांच्या खाली जायच्या आधी वापरा. मग बाटली नळाखाली धरून निववा, मनगटावर थेंब टाकून बघा. केलेलं दूध दोन तासांत पाजा. तोंड लावलेलं तासाभराने ओतून द्या, जीव कितीही हळहळला तरी.

डबा कुठला, ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. या डब्यांच्या जाहिरातीला आणि फुकट नमुन्यांना १९९२च्या कायद्याने बंदी आहे. कोणी हातात नमुना ठेवला तर घेऊ नका.

दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत, वजन वाढतंय, म्हणजे दूध पुरतंय. लंगोट कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.