मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची पहिली रात्र

मोतीबिंदू ‘पिकल्याशिवाय’ काढू नये आणि काढायचा तर थंडीतच काढावा, हे दोन सल्ले कोल्हापूर परिसरात अजूनही ऐकू येतात. मोठा छेद घेऊन टाके घालावे लागत, त्या काळातले हे सल्ले आहेत. आज फेको पद्धतीत साधारण अडीच ते तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींच्या साहाय्याने गढूळ भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात आणि त्याच वाटेने घडी घातलेले कृत्रिम भिंग आत सरकवतात. बहुधा टाका लागत नाही. भिंग फार पिकून कठीण झाले, तर ते फोडण्यास अधिक ऊर्जा लागते आणि काही वेळा छेदही मोठा घ्यावा लागतो. म्हणून अंधुक दिसण्यामुळे रोजची कामे अडू लागली, की डॉक्टरांशी बोलून तारीख घ्यावी. पावसाळा टाळायचाच असेल, तर त्याचे कारण हवा नसून शेतातला चिखल आणि गोठ्यातली घाण हे आहे.

तारीख ठरल्यावर भिंगाचा नंबर काढण्यासाठी डोळ्याचे मोजमाप होते. रक्तदाब, साखर आणि इतर तपासण्या होतात. चालू असलेल्या सर्व गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन घेत असल्यास, किंवा पूर्वी घेतली असल्यास, ते आवर्जून सांगावे, कारण तिच्यामुळे बुबुळ सैल पडून शस्त्रक्रियेत अडचण येऊ शकते. ‘लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध’ असे म्हणून ही गोष्ट हमखास राहून जाते. मधुमेह असलेल्यांनी त्या सकाळी काय खायचे आणि इन्सुलिन किती घ्यायचे, हे आदल्या दिवशीच विचारावे. उपाशी राहून नेहमीचे इन्सुलिन घेणे धोक्याचे आहे.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डोक्यावरून अंघोळ करून घ्यावी, कारण पुढचे काही दिवस ती करता येणार नाही. काजळ, सुरमा, कपाळाला भस्म किंवा डोक्याला तेल लावू नये. रुग्णालयात बाहुली मोठी करणारे थेंब पुन्हा पुन्हा घालतात. भूल थेंबांची असते किंवा डोळ्याशेजारी इंजेक्शन देतात. रुग्ण जागाच असतो. चेहऱ्यावर निर्जंतुक कापड येते, तेव्हा काहींना कोंडल्यासारखे वाटते. तसे वाटले किंवा खोकला येतो आहे असे जाणवले, तर मान न हलवता आधी तोंडाने सांगावे. दिव्याचा लखलखाट आणि पाण्याची धार जाणवते, पण अवजार दिसत नाही. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत काम आटोपते.

इथून पुढची जबाबदारी बरीचशी सोबतच्या माणसाची असते. थेंबांची भूल असेल, तर अनेकदा काळा चष्मा लावूनच घरी सोडतात. इंजेक्शन दिले असेल, तर पट्टी बांधतात, कारण काही तास पापणी नीट मिटत नाही आणि एकाचे दोनही दिसू शकतात. निघण्यापूर्वी पट्टी कधी व कोणी काढायची, पहिला थेंब कधी घालायचा आणि रात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे तिन्ही कागदावर लिहून घ्यावे. दुचाकीवर मागे बसवून नेऊ नये. रिक्षा किंवा मोटार करावी. राधानगरी, गगनबावड्याकडून आलेल्यांनी दुसऱ्या सकाळच्या तपासणीसाठी ती रात्र शहरातच नातेवाइकांकडे काढणे सोयीचे ठरते.

पहिल्या काही तासांत डोळ्यात खडा गेल्यासारखे खुपणे, पाणी येणे, धुरकट दिसणे आणि उजेड न सोसणे हे अपेक्षित असते. वस्तूंवर निळसर झाक वाटली तरी घाबरू नये. वर्षानुवर्षे पिवळट भिंगातून पाहिल्यानंतर खरे रंग तसे भासतात. सांगितलेली वेदनाशामक गोळी घ्यावी, पाठीवर किंवा दुसऱ्या कुशीवर झोपावे आणि झोपताना प्लॅस्टिकचे कवच चिकटपट्टीने लावावे. हात डोळ्याकडे जातो तो झोपेतच. विचारपूस करायला आलेले पाहुणे ‘बघू, दिसतंय का’ म्हणत पट्टी उचलायला लावतात, त्यांना स्पष्ट नकार द्यावा.

थेंब घालताना आधी साबणाने हात धुवावेत, खालची पापणी हलकेच ओढून तयार झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडावा आणि बाटलीचे टोक पापणीला लागू देऊ नये. दुधाळ औषधाची बाटली हलवून घ्यावी. दोन औषधांमध्ये किमान पाच मिनिटांचे अंतर ठेवावे, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो.

जेवणाला पथ्य जवळजवळ नाही. तांबडा रस्साही डोळ्याला बाधत नाही. मात्र पहिल्या दिवशी ठसका लागेल असे तिखट टाळावे आणि घरात मिरची भाजणे किंवा कांडणे तर मुळीच नको. चुलीच्या धुरापासून लांब बसावे. देवाला उभ्यानेच हात जोडावेत, कारण पहिले काही दिवस वाकायचे नाही आणि जड घागर उचलायची नाही. घरातल्या घरात चालण्यास किंवा थोडा वेळ दूरदर्शन पाहण्यास हरकत नाही.

गोळी घेऊनही दुखणे वाढत गेले, डोकेदुखीबरोबर उलट्या झाल्या, आलेली दृष्टी पुन्हा कमी झाली, लाली वाढली, पू आला किंवा डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखे वाटले, तर सकाळची वाट न पाहता लिहून घेतलेल्या नंबरवर फोन करावा. जंतुसंसर्ग पहिल्या रात्रीच नव्हे, तर पुढच्या आठवड्यातही होऊ शकतो, म्हणून तो कागद तपासणी झाल्यावर फेकू नये.