कन्सोल की पीसी: माझ्या वहीतला हिशोब

इंदूरला रामबागेत बसून लोकांची जीएसटी रिटर्न भरणं हा माझा धंदा. त्यामुळे घरात कुणी ‘हे स्वस्त पडतं’ म्हटलं की मी विचारते, किती वर्षांत? गेम खेळायला मुलाकडे कन्सोल (टीव्हीला जोडायचं खेळाचं यंत्र) आहे, भाच्याकडे पीसी, आणि दोघांचा खर्च एकाच वहीत आहे. तुम्हीही वही काढा. पाच वर्षांचा सगळा खर्च लिहा, शेवटी वस्तू विकून जे येईल ते वजा करा, भागिले ६०. महिन्याला काय पडतं ते कळेल. आकडे तुमच्या आजच्या भावाचे घाला, माझे जुने आहेत.

मुलाचा कन्सोल म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५. तो भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० ला आणि बिनडिस्कचा, म्हणजे फक्त डाउनलोड केलेले गेम चालवणारा, ३९,९९० ला होता. चिरंजीव बिनडिस्कच्यावर अडून बसले: “आई, दहा हजार वाचतात!” मी डिस्कवालाच घेतला. कारण सोनीचा नवा मोठा गेम तेव्हा ४,९९९ चा होता. आमची पहिली डिस्क तीन महिन्यांनी कॉलनीतल्याच एका मुलानं २,८०० ला नेली, म्हणजे तो गेम आम्हाला २,१९९ ला पडला. डाउनलोड केलेला गेम असा विकता येत नाही. चार डिस्का विकल्या की दहा हजार फिटले. वर्षाला तीन गेम धरा: पाच वर्षांत डिस्कनं ३३ हजार, डाउनलोडनं ७५. सेलपर्यंत दम धरणाऱ्याचा आकडा खाली येईल, पण आमच्याकडे तेवढा धीर कुणाला?

ऑनलाइन खेळायचं तर विकतच्या बहुतेक गेमांना प्लेस्टेशन प्लसची वर्गणी लागते. फोर्टनाइटसारख्या फुकट गेमांना लागत नाही. मूल नेमकं काय खेळतं ते विचारा, मगच हा रकाना भरा. पीसीवर अशी वर्गणी नाही. शिवाय स्टीम या पीसी गेमांच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम चांगलेच उतरतात, आणि १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात.

पीसीच्या हिशोबात लोक एक चूक हमखास करतात. सगळी किंमत खेळाच्या नावावर टाकतात. भाचा इंजिनिअरिंगला, त्याला कॉम्प्युटर लागणारच होता. मग खेळाच्या खात्यात फक्त ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र पडद्यावर उमटवणारा भाग) आणि त्यापायी वाढलेला खर्च. घरात दुसरं काहीच काम नसेल तर मात्र पूर्ण किंमत धरा, मनाची समजूत घालू नका.

पीसीच्या एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काटकसर करू नका, हे मी पैसे मोजून शिकले. दुकानदार म्हणाला, “अरे मॅडम, चल जाएगा,” आणि मी हजारभर रुपये वाचवले. दुसऱ्या पावसाळ्यात एका रात्री लाइट गेली, आली, फट्ट आवाज झाला आणि मदरबोर्डही (सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी) सोबत गेला. वाचवलेल्या हजाराचे नऊ हजार झाले. तो खर्च मी ‘मावशीची अक्कल’ या नावाखाली लिहिला आहे.

विजेचं फार मनावर घेऊ नका. मोठा गेम चालू असताना कन्सोल साधारण २०० वॅट ओढतो, भाच्याचा पीसी ३७५ च्या आसपास. रोज दोन तास म्हणजे वर्षाला १४६ आणि २७४ युनिट. बिलातला तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर लावा, सरासरी नव्हे, कारण जादा युनिट तिथेच चढतात. ७ रुपये धरले तर फरक वर्षाला ९०० च्या आत. पाच वर्षांचा मिळून एका नव्या गेमाइतकाही नाही.

भाचा आता नवं ग्राफिक्स कार्ड मागतोय. मी म्हटलं, आधी जुन्याचे किती येतात ते विचारून ये. तोवर तो रकाना पेन्सिलीनं भरलाय.