पाणी परत येण्याआधी : धरणदुरुस्तीत सापडणारे पुरावशेष कसे हाताळावेत

धरणदुरुस्तीच्या कामावर पुरातत्त्वीय देखरेख करणारा साहाय्यक म्हणून मी पहिल्यांदा रुजू झालो, तेव्हा उत्खननाचा थोडाफार अनुभव माझ्या गाठीशी होता. धरणाविषयी मात्र मला जवळजवळ काहीच माहीत नव्हते. एरवीच्या उत्खननात वेळ बऱ्याच अंशी आपल्या हाती असतो, धरणावर वेळापत्रक पाण्याचे असते. दरवाजे बदलण्यासाठी, विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाच्या, डागडुजीसाठी किंवा धरणाच्या मातीच्या भरावाच्या जलाशयाकडील उतारावरचे दगडी पिचिंग, म्हणजे लाटांपासून राखणारे दगडी अस्तर, पुन्हा बसवण्यासाठी पाणी उतरवले जाते. वर्षानुवर्षे बुडालेली जमीन काही आठवड्यांसाठी उघडी पडते, तिच्यावरून यंत्रांसाठी रस्ते काढले जातात, चर खोदले जातात, भरावासाठी माती उचलली जाते. पुरावशेष सापडतात ते या कामांत, आणि पुरातत्त्वज्ञाच्या आधी ते यंत्र चालवणाऱ्याला दिसतात.

माझ्या कामावरची पहिली महत्त्वाची जागा पोकलेनच्या चालकानेच दाखवली. करड्या गाळातून बकेट वर आली, तशी त्याने ती हवेतच थांबवली आणि मला हाक मारली, "साहेब, माती बदलली." खाली उतरून पाहिले, तर चराच्या तळाशी काळी, ओलसर, कुजल्या पानांसारख्या वासाची माती होती आणि तिच्यातून मनगटाएवढ्या जाडीचे दोन लाकडी खुंट उभे डोकावत होते. चालकाने पुरातत्त्वाचा अभ्यास केलेला नव्हता, पण दिवसभर माती उपसणाऱ्या माणसाला तिचा रंग आणि ओढ आपल्याआधी कळते. म्हणून नव्या कामावर गेलात की पहिल्याच सकाळी यंत्रचालक, मुकादम आणि मजूर यांच्यासोबत अर्धा तास बसावे. खापरांचे दोन-चार तुकडे, राखेची माती, जळकी वीट असे नमुने त्यांच्या हातात द्यावेत. काही दिसल्यास यंत्र थांबवायचे, वस्तू उचलायची नाही, जागेवर खूण करायची आणि अमुक माणसाला कळवायचे, एवढेच सांगावे. त्याच बैठकीत, काम थांबल्याने कोणाचीही मजुरी कापली जाणार नाही, ही हमी ठेकेदाराकडून सर्वांसमक्ष घ्यावी. जिथे ही हमी नसते, तिथे वस्तू मुकाट्याने भरावात जातात, आणि त्याचा दोष मी मजुरांना कधीही देणार नाही.

त्या दोन खुंटांपैकी पहिल्याच्या बाबतीत माझ्या हातून चूक झाली. छायाचित्र नीट यावे म्हणून मी तो सोडवून वर आणला आणि ताडपत्रीवर उन्हात ठेवला. त्याच्या टोकावर कुऱ्हाडीने तासल्याचे सपाट, चकचकीत पैलू स्पष्ट दिसत होते. धारेच्या खाचेने उमटलेली एक बारीक रेघसुद्धा मोजता येत होती. इतर नोंदी करून मी दोनेक तासांनी परतलो, तोवर खुंटाला लांबीभर भेगा पडल्या होत्या आणि ते पैलू आक्रसून ओळखण्यापलीकडे गेले होते. शतकानुशतके पाण्याखाली असलेल्या लाकडाच्या पेशीभित्तिकांमधला बराचसा सेल्युलोज नष्ट झालेला असतो आणि लाकडाचा आकार आतल्या पाण्याच्या आधारावर टिकून असतो. ते पाणी उडून जाताना पृष्ठताणामुळे दुबळ्या झालेल्या पेशी आत ओढल्या जाऊन कोसळतात, आणि पुन्हा भिजवल्याने त्या पूर्ववत होत नाहीत. दुसरा खुंट मी जागेवरच, ओल्या मातीत असताना मोजला, रेखाटला आणि त्याची छायाचित्रे घेतली. मग तो पाण्यासह पॉलिथिनमध्ये गुंडाळून सावलीत, गारव्यात ठेवला आणि त्याच अवस्थेत संवर्धकांकडे दिला. पुढची प्रक्रिया प्रयोगशाळेची असते आणि ती फार लांबते. स्वीडनचे वासा हे जहाज १९६१ साली समुद्रातून वर काढल्यावर त्याच्या लाकडात पॉलिइथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पाण्याची जागा घेऊन लाकडाला आधार देणारे मेणासारखे रसायन, मुरवण्यासाठी १९६२ ते १९७९ अशी १७ वर्षे फवारणी करावी लागली होती. म्हणूनच ओले लाकूड वर काढण्याचा निर्णय एकट्याने घेऊ नये. ते ठेवायला टाकी आणि सांभाळायला संवर्धक नसेल, तर त्याला मातीतच राहू देणे अधिक योग्य.

इतर वस्तूंचे नियम थोडक्यात सांगता येतील. जे ओले सापडले ते ओलेच आणि जे कोरडे सापडले ते कोरडेच ठेवावे. वस्तूला बदल सोसत नाही. चामड्याला लाकडाचाच नियम लावावा. लोखंडावरचा गंज खरवडू नये, कारण मूळ पृष्ठभाग बहुधा त्या गंजाच्या पापुद्र्यातच शिल्लक असतो. कच्ची भाजलेली खापरे सावलीत सावकाश सुकू द्यावीत आणि कोणतेही मडके लगेच धुऊ नये. त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला थर अन्नाचा असू शकतो. कोळसा कालमापनासाठी घ्यायचा असेल, तर तो स्वच्छ चिमट्याने उचलून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळावा. कापूस किंवा कागद यांत ठेवल्यास त्यांचा अलीकडचा कार्बन नमुन्यात मिसळण्याची भीती असते. प्रत्येक पिशवीत एक आणि पिशवीवर एक अशा दोन चिठ्ठ्या, न भिजणाऱ्या कागदावर, पेन्सिलीने लिहिलेल्या असाव्यात, कारण पेनाची शाई जलाशयाच्या काठावर एक रात्रही टिकत नाही.

जलाशयाच्या तळाची एक खोड नवोदितांनी पहिल्यापासून ध्यानात घ्यायला हवी. पाणी उतरले की काठाच्या पट्ट्यात खापरे आणि दगडी हत्यारे एवढ्या दाटीने पसरलेली दिसतात की आपण एखाद्या वस्तीवरच उभे आहोत, असे वाटते. पातळी वर-खाली होताना लाटांनी तिथली बारीक माती वाहून नेलेली असते आणि जड वस्तू खाली बसून मागे राहिलेल्या असतात. त्यामुळे वेगवेगळ्या थरांतल्या, कदाचित हजार वर्षांच्या अंतराने वापरलेल्या वस्तू एकाच पृष्ठभागावर शेजारी-शेजारी पडलेल्या असतात. मी प्रथम खापराची कड पाहतो. ती गुळगुळीत आणि गोलसर असेल, तर खापर पाण्याने लोळवलेले आहे. ती धारदार असेल आणि खापराभोवती त्याच्या आतल्यासारखीच माती घट्ट बसलेली असेल, तर ते हललेले नसण्याची शक्यता जास्त असते. मग काठापासून थोडे वर, जिथे लाटांनी कापलेली उभी कड असते, तिथे कुदळीचे पाते हलकेच फिरवून थर स्वच्छ करावेत. राखेचा पट्टा, खांबाचा खड्डा किंवा जमिनीचा चोपलेला थर त्या कडेत दिसला, तर खरी वस्ती तिथे आहे, आणि रस्त्याची आखणी बदलण्याची विनंती त्या आधारावर करता येते. पृष्ठभागावरच्या खापरांच्या ढिगासाठी काम अडवले, तर पुढच्या, खऱ्या विनंतीला वजन राहत नाही.

आता अभियंत्यांशी होणाऱ्या बोलण्याविषयी. खुंट सापडल्यावर मी कार्यकारी अभियंत्यांकडे दोन आठवडे मागितले. त्यांनी मला भरावाच्या पायथ्याच्या चराकडे नेले आणि झिरपणाऱ्या पाण्याच्या नोंदी समोर ठेवून म्हणाले, "हा चर मी दोन आठवडे उघडा ठेवला आणि झिरपेबरोबर भरावाची माती वाहू लागली, तर खालच्या गावांना मी काय उत्तर देऊ?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते असायलाही नको होते. मातीच्या धरणात आतून माती वाहून जाण्याची प्रक्रिया एकदा सुरू झाली की ती झपाट्याने वाढू शकते. पाणी घाईने उतरवले, तर भरावाच्या आत अडकलेल्या पाण्याचा दाब लगेच कमी होत नाही आणि जलाशयाकडचा उतार घसरू शकतो. म्हणून पातळी रोज किती उतरवायची, याची मर्यादा ठरलेली असते. पुरातत्त्वज्ञाने या दोन गोष्टींत कधीही सवलत मागू नये. त्या दिवसापासून मी दिवस मागणे सोडून कामांचा क्रम मागू लागलो. कोणता चर कधी उघडणार, कोणता आठवडाभर पुढे ढकलता येईल, वळणरस्ता २० मीटर बाजूने नेता येईल का, या प्रश्नांवर अभियंते मनापासून विचार करतात आणि बहुतेकदा वाट काढतात. त्या धरणावर मला अखेर चार दिवस मिळाले, पण चराचे काम दुसऱ्या टोकाकडून सुरू झाल्यामुळे ते चार दिवस पूर्ण माझे होते.

मापनातही अभियंत्यांचीच पद्धत स्वीकारावी. धरणावर पक्का बेंचमार्क, म्हणजे उंची आधीच ठरवून दिलेली कायमची खूण, असतो. आपल्या प्रत्येक वस्तूची आणि थराची पातळी त्याच संदर्भाने, आर.एल.मध्ये (रिड्यूस्ड लेव्हल, म्हणजे ठरलेल्या आधारपातळीपासूनची उंची) नोंदवावी. तसे केल्यास जलाशयाच्या नोंदीत पाण्याची पातळी पाहून आपली जागा कधी बुडेल आणि पुन्हा कधी उघडी पडेल, हे केव्हाही, कोणालाही सांगता येते. स्वतःचा वेगळा शून्यबिंदू धरून केलेल्या नोंदी पाण्याखाली गेल्या की त्यांचा जागेशी धागा तुटतो.

मानवी अस्थी दिसल्यास काम तत्काळ थांबवून, जागा झाकून, प्रथम पोलिसांना आणि लगेच पुरातत्त्व खात्याला कळवावे. त्या किती जुन्या आहेत, याचा अंदाज जागेवर कोणीही बोलून दाखवू नये आणि छायाचित्रे कोणालाही पाठवू नयेत. कायदे देशागणिक वेगळे असतात. भारतात १८७८च्या निखात निधी अधिनियमानुसार, ठरावीक मूल्याहून अधिक मोलाची वस्तू जमिनीत दडलेली सापडली, तर सापडणाऱ्याने ती जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. सार्वजनिक बांधकामांमुळे धोक्यात येणाऱ्या सांस्कृतिक ठेव्याविषयी युनेस्कोनेही १९६८ साली शिफारस केलेली आहे. कामाच्या जागी लागू असलेला कायदा पहिल्या यंत्राची चावी फिरण्याआधी वाचलेला असावा.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. कधी कधी धरण स्वतःच पुरावशेष असते. जुन्या बांधाच्या पोटात त्याहून जुना बांध, चुन्याचा दर्जा, दगडांवरच्या पाथरवटांच्या खुणा, बुजवलेली मोरी, हे सारे दुरुस्तीतच उघडे पडते आणि ग्राउटिंग झाले, म्हणजे फटींत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबून भरले, की कायमचे बंद होते. धरणदुरुस्तीची नोंद ठेवण्याची परंपरा आपल्याकडे किती जुनी आहे, हे गुजरातमधल्या गिरनारच्या पायथ्याशी वाचायला मिळते. इसवी सन १५० च्या सुमाराचा रुद्रदामन या क्षत्रप राजाचा शिलालेख सुदर्शन तलावाच्या दुरुस्तीचाच आहे. अतिवृष्टीने पडलेले खिंडार ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल होते, हे मोजमापही त्यात कोरलेले आहे, आणि तलाव मूळ चंद्रगुप्त मौर्याच्या काळी त्याचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने बांधला, हेही. त्याच खडकावर पुढे गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळातल्या दुरुस्तीचाही लेख आहे. कारण, माप, करणारा आणि आधीचा इतिहास, या चारही गोष्टी आपल्या नोंदवहीत याव्यात, एवढी अपेक्षा मी माझ्या साहाय्यकांकडून ठेवतो.

राहिले ते झाकण्याचे काम. इराकमध्ये मोसूलच्या जलाशयाचे पाणी ओसरल्यावर २०२२च्या सुरुवातीला केमुने येथे मितन्नी या प्राचीन राज्याच्या काळातले शहर खोदले गेले, शंभराहून अधिक कीलाक्षरी (पाचरीच्या आकाराच्या लिपीतल्या) मृत्तिकापट्टिका मिळाल्या, आणि पाणी परतण्यापूर्वी अवशेषांवर प्लास्टिकचे आवरण व खडीचा थर घालून ते सुरक्षित केले गेले. आम्ही त्या चरात पुढे उघडे पडलेल्या आणि जागेवरच ठेवलेल्या खुंटांवर प्रथम जिओटेक्स्टाईल, म्हणजे पाणी झिरपू देणारे कृत्रिम धाग्यांचे कापड, अंथरले, त्यावर चाळलेली वाळू आणि वर मुरूम दाबून घातला. जिओटेक्स्टाईलचा एक उपयोग असा, की पुढे जो खोदेल त्याला ते लागताच मागचे उत्खनन कुठवर झाले होते, ते कळते. दरवाजे बसवल्यानंतर पातळी चढू लागली आणि नवव्या दिवशी पाणी मुरुमावर आले. नकाशा, आर.एल., छायाचित्रे आणि झाकणीचा आडवा छेद यांची एक प्रत पुरातत्त्व खात्याकडे गेली. दुसरी मी धरणाच्या कार्यालयात, दुरुस्तीच्या कायमच्या दप्तरात लावून घेतली आणि तिच्या पहिल्या पानावर, पाणी कोणत्या पातळीखाली उतरल्यावर ही जागा उघडी पडते, तो आकडा ठळक अक्षरांत लिहिला.